चोरीच्या बांबूची काठी

वेस्ता, तू गेलास त्याला आज अठरा दिवस झाले आणि माझा राग अजून उतरलेला नाही. रडूही येतं, पण आधी राग येतो. तळोद्यात लोक विचारतात, "मिस्तरी, डोंगरमधला एक पावरा मरना, तुम्ही काबर सुतक पाळी ऱ्हायनात?" मी त्यांच्याशी बोलत नाही. बोलायचं होतं तेव्हा मी बोललो नाही, आता बोलतोय ते तुझ्याशी. तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा तुला कागद लिहिणं म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे. असू दे. तू जिवंत होतास तेव्हाही माझं निम्मं बोलणं तुला पटत नव्हतं आणि उरलेलं तू ऐकत नव्हतास.

पहिला दिवस आठवतो? नऊ वर्षं झाली. जंगलखात्याच्या साहेबाची मासे धरायची विलायती काठी मोडली होती आणि शिपाई ती माझ्या दुकानात टाकून गेला होता. गळाला पिसांची माशी बांधायची, लांब दोरी डोक्यावरून मागेपुढे झुलवायची आणि ती माशी पाण्यावर अलगद ठेवायची, अशी त्या लोकांची मासेमारी. माझं काम गाडीची चाकं, वखर, पाळणे. पितळी सांधा मला वळवता आला असता, पण काठी कशाची आहे तेच कळेना. तू बाजारात तिरकामठे विकायला बसला होतास. बांबूतलं तुम्हा लोकांना कळतं, म्हणून मी तुकडे तुझ्यापुढे धरले. तू मोडलेली कड नाकाशी नेलीस, नखानं खरवडलीस आणि हसलास.

"मिस्तरी, हाऊ तं आम्हना डोंगरना बांबू शे."

मी म्हटलं, अरे येड्या, ही विलायतेहून आली आहे. तर तू म्हणालास, "मंग तो बी आठूनच गया व्हई." पुढे साहेबानंच सांगितलं की तिकडच्या कारागिरांकडे बांबू जातो तो हिंदुस्थानातूनच. आपलाच बांबू सातासमुद्रापार जाऊन साहेब होऊन परत आला होता. त्या दिवशी तू मला जिंकलंस, पण तसं कबूल केलं असतं तर तू डोक्यावर बसला असतास. कबूल केलं नाही तरी बसलासच.

मग आपण नवी काठी केली. तू कारागीर धनुष्याचा. बांबूची पाठ सालीसकट ठेवलीस आणि पोटाकडून तासत गेलास, तुझ्या बापानं शिकवलं तसं. मी मूठ बसवली, दोरी ओवायच्या कड्या बांधल्या, लाख चढवली. साहेब नदीवर गेला, आपण दोघं काठावर उकिडवे बसलो. त्यानं दोरी पुढे टाकली, काठी झकास वाकली. त्यानं ती मागे नेली आणि शेंडा कडकन चिरला. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तू मात्र उलटा साहेबावरच चिडलास.

"धनुष एकच बाजू वाकस! माले काय ठाऊक, तुन्हा साहेब मांगे बी मारस!"

मी ते भीत भीत साहेबाला हिंदुस्थानीत सांगितलं, तर तो हसून हसून खाली बसला. मासे धरायच्या काठीचं धनुष्य करून देणारे साऱ्या खानदेशात आपण दोघेच निघालो. त्यानं हसण्यावारी नेलं म्हणून दुसरी काठी झाली. आणि तीच साहेबाला इतकी मानवली की विलायती काठी नोकराच्या हातात गेली.

त्या दुसऱ्या काठीसाठी तू मला तोरणमाळच्या खालच्या घळीत नेलंस. माझे गुडघे आजही ती चढण विसरलेले नाहीत. पोकळ बांबू नको, भरीव नर बांबू पाहिजे. ओढ्याकाठचा माजलेला नको, खडकात उपाशी वाढलेला पाहिजे. तू कोयत्याच्या पाठीनं ठोकून कान लावायचास. "हाऊ लबाड शे," म्हणून पुढे जायचास. दिवसभरात दोन पसंत पडायचे. तेही पौषातल्या अंधाऱ्या पाखातच तोडायचे, चांदणं चढतीला असताना तोडला तर किडा लागतो. मग वर्षभर तुझ्या चुलीवर, धुरात. मी म्हणायचो, साहेब वर्षभर थांबेल होय रे? तू म्हणायचास, बांबूला विचार. माझ्या बापानंही लाकूड पारखायला शिकवलं होतं, पण नाही म्हणायला शिकलो तो तुझ्याकडून.

आणि भांडणं! मुठीसाठी मला शिसव हवा होता, कातावर फिरवला की काय सुरेख उतरतो. तू म्हणालास, दिवसभर धरायची आहे, पाटलाच्या दिवाणखान्यात ठेवायची नाही, पांगाऱ्याचं हलकं लाकूड लाव. साहेबानं मुठीसाठी विलायती बूच पाठवलं, ते उंदरांनी खाल्लं, तेव्हा तू किती खूष झालास. पितळी कड्यांना रेशमी दोरीनं एका हंगामात खाचा पाडल्या, तर मी जुन्या छत्रीच्या पोलादी तारा वळवून कड्या केल्या. तेवढं एक तू मुकाट्यानं मान्य केलंस. तू पळसावरची लाख आणायचास, मी ती गाळून सात हात द्यायचो. सातवा हात वाळला की तू काठी कानाशी धरून टिचकी मारायचास. वाजली नाही तर मला लाख खरवडून पहिल्यापासून सुरुवात करायला लावायचास. शिव्या घालत मी करायचो.

मोठं भांडण मात्र एकच, आणि ते तू अर्धवट टाकून गेलास. विलायती काठी सहा पट्ट्यांची असते, बांबू चिरून, तिकोनी तासून, सरसानं जोडलेली. मला तशी करायची होती. तू म्हणायचास, "चिरानं आनि परत चिटकाडानं? मंग चिरानं काबर?" मी हट्टानं एक केली. श्रावणात सरस सुटला आणि काठीचा झाडू झाला. तू तो झाडू आठवडाभर माझ्या दुकानाच्या दारात उभा करून ठेवलास, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला. वेस्ता, तेव्हा मी तुला मारलं नाही, हे माझे उपकार आहेत.

आता एक गोष्ट जी आपण दोघांनी कधी तोंडातून काढली नाही. नऊ वर्षं तू माझ्या ओट्याखाली बसलास. काम दोघांचं, पण माझी बायको तुला भाकरी पानावर वाढायची आणि पाणी वरून ओतायची. तुझ्या पाड्यावर मी आलो की तू मला तुझ्या खाटेवर बसवायचास आणि स्वतः जमिनीवर. मी बसायचो. मला एकदाही खटकलं नाही असं म्हणालो तर खोटं ठरेल, आणि खटकलं म्हणून मी काही केलं असं म्हणालो तर तेही खोटंच. साहेबाकडे काठी न्यायचो तेव्हा सांगायचो, "साहेब, मी केली." तू बाहेर उभा असायचास.

या पौषात मी तुला निरोप धाडला: साहेबाला पुढच्या सालासाठी आणखी काठ्या हव्यात, तीन बांबू तोडून ठेव. नेहमीसारखंच. घळीत परवाना कुणी कधी विचारला नव्हता, साहेब स्वतः म्हणायचा, बांबू त्याच घळीतला आण. पण यंदा घळ राखीव झाली, पाटी लागली आणि जंगलखात्याचा नवा नाकेदार आला. पाटी तुला वाचता येत नव्हती. मला येत होती, पण मी ती पाहायला कशाला जातो?

तुला साहेबाच्या मुक्कामावर आणलं, तेव्हा मी तिथेच होतो. चालू काठीसाठी दोरी गुंडाळायच्या चरखीचं माप घ्यायला गेलो होतो. तुझे हात तुझ्याच पागोट्यानं बांधले होते. पुढे तुझा कोयता आणि तीन बांबू. साहेबानं कागदावरची नजर न काढता विचारलं, "किसके वास्ते काटा?"

तू माझ्याकडे पाहिलंस. एकदाच. मग खाली पाहिलंस. माझं नाव घेतलं नाहीस, साहेबाचंही नाही. कारकुनानं वही उघडली. नाव विचारलं, गाव विचारलं, धंदा विचारला. धंदा म्हणजे काय ते तुला कळेना. नाकेदार म्हणाला, "याना काय धंदा? चोरी!" सगळे हसले. कारकुनानं हसत हसत तेच लिहिलं. मी चार हातांच्या अंतरावर उभा होतो. मी हसलो नाही. पण "मी सांगितलं होतं" हे तीन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. माझं दुकान, माझी हत्यारं, माझी पोरं, सगळी त्या वेळी डोळ्यांपुढे आली. तुझी पोरं आली नाहीत.

आठ दिवस तुला नाक्यावर ठेवलं. दिवसा घोड्यांचं गवत कापायचं, झोपायचं उघड्या पडवीत, आणि ती थंडी पौषातली. तू घरी गेलास तो छातीत कफ घेऊन. मला कळलं तेव्हा मी म्हटलं, बाजारच्या दिवशी येईल, तेव्हा बघू. तू आला नाहीस.

मी पाड्यावर पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. तुझी बायको दारात बसली होती. ती तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली, मला निम्मंच कळलं. तुझा मेव्हणा म्हणाला, "मन्ही बहीण पुसस, वेस्तानी चोरी करी व्हती का?" पाड्यात बोललं जात होतं म्हणे. तुझ्या पोराला कुणी तरी चोराचा म्हटलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, कारण खालच्या जगातलं मला कळतं असं तू तिला सांगितलं असणार. मी "नाही" म्हणालो. तिनं पुन्हा विचारलं, "मग वहीत तसं का लिहिलं?" मी तिची पाठ फिरायची वाट पाहिली आणि उतरलो. अशी माझी मर्दुमकी.

खाली आल्यावर मी काम सोडलं नाही. काठी अर्धी झाली होती, तू दिवाळीत आणून दिलेल्या बांबूची. गेल्या सालचा, तुझ्या चुलीवर काळवंडलेला. रोज बसलो. खालचा तुकडा अख्खा ठेवला, तुझ्या म्हणण्याप्रमाणे. शेंडा मात्र चिरला, सहा पट्ट्या केल्या आणि सरसावर दर बोटभर अंतरावर रेशमाचे वेढे घातले. तू मेलास म्हणून मी हार मानेन असं वाटलं होतं का तुला? वाकवून पाहिली, पुढे, मागे. सांध्यातून सारखी वाकते. आपल्या सगळ्या काठ्यांत ही उजवी. तू असतास तर काहीतरी खुसपट काढलंच असतंस.

बायकोला मी मनातलं सांगितलं, साहेबापुढे जाऊन खरं बोलायचं. ती आधी घाबरली. "आते बोलीसन काय व्हनार? मानूस गया. घरमा पोरे शेतस." ती भाकऱ्या थापत राहिली. मग तव्यावरची भाकरी तशीच ठेवून उठली आणि दारात येऊन उभी राहिली. "तो नऊ वरीस मन्हा ओटाखाले बठना," ती म्हणाली. "मी त्याले एक डाव बी 'वर ये' म्हनं नही. तुम्ही जा. नही गयात तं मी जासू." भाकरी करपली. तीच तिनं मला बांधून दिली.

काल मी प्रकाशा गावाला गेलो. साहेबाचा मुक्काम तापीकाठी पडला आहे. उद्या तुझ्या पाड्यावर चढणार आहे, तुझ्या बायकोला उत्तर द्यायला. तिला सांगायच्या आधी तुला सांगतो.

साहेब खुशीत होता. तंबूत एका कोपऱ्यात आपल्या आधीच्या पाच काठ्या उभ्या होत्या, पुसून लख्ख. त्यानं हात पुढे केला. मी काठी त्याच्या हातात दिली नाही, टेबलावर कारकुनाच्या वहीपुढे ठेवली.

"साहेब, ही जप्त करा."

"क्या?"

"चोरीच्या बांबूची आहे. घळ तीच, परवाना नाही. वेस्ताला बांबू तोडायला सांगणारा मी. त्या तीन बांबूंसाठीसुद्धा मीच सांगितलं होतं. तो चोर असेल तर माझं नाव लिहा."

आवाज निघाला, वेस्ता, आणि एकदा निघाल्यावर थांबेना. साहेब लाल झाला. "मिस्त्री, होश में आओ. घर जाओ." मी म्हटलं, जातो, पण आधी लिहा. तो म्हणाला, तो माणूस मेला, केस संपली. मी म्हटलं, माणूस मेला, वही कुठे मेली? आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "त्या पाचही त्याच घळीतल्या. आम्ही दोघांनी केल्या. बांबू चोरीचा असेल तर त्याही जप्त करा. नसेल तर तो चोर कसा?"

नाकेदार दाराशी होता, तो पायांकडे बघू लागला. साहेबानं टेबलावरची काठी उचलली. सवयच ती, हात आपोआप गेला. त्यानं ती पुढे वाकवली, मागे वाकवली. मी त्याचा चेहरा बघत होतो. काठी कळणारा माणूस आहे तो, हे मी नाकारत नाही. त्यानं शेंडा बोटांनी चाचपला, मग काठी हळूच खाली ठेवली. टोपी घातली आणि कारकुनाला म्हणाला, "लिख लो." आणि नदीकडे निघून गेला. तुझं नाव तोंडातून काढलं नाही. कोपऱ्यातल्या काठ्यांकडे पाहिलं नाही.

माझी पटाशी आणि दोन रंधे जप्त झाले, ती मी बरोबरच नेली होती. कोर्टाची तारीख पडेल तेव्हा पडेल. कारकून म्हातारा, सरळ माणूस. त्यानं वही उघडली, तुझ्या ओळीखाली माझी ओळ आखली. नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं, राहणार तळोदे.

"धंदा? सुतार?"

"आधी वरच्या ओळीत काय आहे ते वाचा."

त्यानं चष्मा पुसला. "धंदा, चोरी."

"ते खोटं आहे. ते खोडून खरं लिहा. त्याशिवाय मी सही करत नाही."

"अहो मिस्तरी, वहीत असं खोडता येत नाही."

"मग सही नाही. सही नाही म्हणजे ही काठी कुणाची नाही. आणि कुणाच्याच नसलेल्या चोरीच्या सहा काठ्या साहेबाच्या तंबूत कशा, ते तुम्ही वर लिहून कळवा."

त्यानं बाहेर पाहिलं. साहेब पाण्याजवळ पाठमोरा उभा होता. त्यानं नाकेदाराकडे पाहिलं. नाकेदार खाकरला आणि तंबूबाहेर गेला. मग कारकुनानं टाक दौतीत बुडवला, "चोरी" या शब्दावर एक सरळ रेघ ओढली आणि मला हळूच विचारलं, "काय लिहू?"

"मासे धरायच्या काठ्या बनवणे."

त्यानं बारीक अक्षरात, रेघेच्या वर, जागा पुरवून पुरवून ते लिहिलं. मी एक एक अक्षर वाचलं. मग तो माझ्या ओळीवर आला. तेवढं सगळं पुन्हा लिहायचा त्याला कंटाळा आला असावा. धंद्याच्या रकान्यात त्यानं माझ्या नावापुढे एकच शब्द लिहिला, "वरीलप्रमाणे", आणि वही माझ्याकडे फिरवली.

मी सही केली.